खोड सांगून विकलेलं घर

दाजी माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत. नजर पहिली पायांवर जायची, मग गुडघ्यांवर, मग सावकाश वर चढत सगळ्यात शेवटी तोंडावर येऊन थांबायची. तोवर समोरचा माणूस पार अवघडून गेलेला असे. जन्मभर बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाली केलेला माणूस. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने बघणं त्यांना जमतच नव्हतं. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही लोणीला गेलो होतो. पोह्यांच्या बश्या फिरत होत्या, मुलगी मान खाली घालून बसली होती, आणि घरचे मोठे जावई म्हणून सगळे दाजींच्या बोलण्याची वाट बघत होते. दाजींनी बराच वेळ बघून घेतलं आणि भर बैठकीत सांगितलं, "पाय सरळ हायेत. जरा हसायला सांगा, दात दिसू द्या." भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ती मुलगी पुढे माझी बायको झाली. दात चांगले निघाले, अजून सगळे शाबूत आहेत. पण त्या दिवसाबद्दल तिने दाजींना कधी माफ केलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नाव होतं त्यांना चांगलं, पण आमच्या घरात लहानथोर सगळे, माझा मुलगासुद्धा, त्यांना दाजीच म्हणायचे. ते मला पावणं म्हणायचे. बायकोच्या भावाला आमच्याकडे पावणं म्हणतात, त्यात वावगं काही नाही. पण अक्का गेल्यावर दाजी आमच्या मंचरच्या घरी चार दिवस म्हणून आले, गच्चीवरच्या खोलीत राहिले ते राहिलेच, आणि तिथून खाली येऊन मलाच "या पावणं, बसा" म्हणायचे. माझ्या घरात, माझ्या खुर्चीकडे हात करून. आलेगेले हसायचे. मीही हसायचो, पण ते हसू वरवरचं असायचं.

मूलबाळ त्यांना नव्हतं. निमगाव सावाला एक पुतण्या होता, त्याची शेती, त्याचा गोठा. मंचरचं आमचं घर उभं राहिलं तेव्हा मी कचेरीत कारकून, रजा मिळायची मारामार. वाळूच्या ढिगावर बसून गवंड्यावर नजर ठेवली ती दाजींनी, आणि स्लॅबला पाणी मारलं तेही दाजींनी आणि अक्काने. वास्तुशांतीच्या जेवणात मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "वरची खोली दाजींची. ती कधीही त्यांचीच." पोट भरलेलं असलं की माणूस उदार होतो. दाजींनी मात्र ते ऐकून ठेवलं असावं.

त्यांच्या नजरेवर माझा विश्वास होता असं मात्र समजू नका. एकदा घरी पूजेला माझे साहेब आले होते. दाजींनी त्यांना दारातच गाठलं, पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "सायेब, उजवा पाय धरलाय तुमचा. आवंदाचं साल काय निभत न्हाई." साहेबांचा चेहरा पडला. नंतर कळलं की नवे बूट चावत होते. प्रसाद घेऊन ते अनवाणीच गाडीपर्यंत गेले, अगदी ठणठणीत चालीने. पुढे कचेरीत कोणी ना कोणी माझ्या पायांकडे बघून "काय, निभतंय का साल?" असं विचारायचा. मी घरी येऊन दाजींवर चिडायचो, तर ते म्हणायचे, "बैलाला बूट नसत्यात पावणं, माझी चूक तितं झाली."

त्यांच्या खोलीत सामान काय, तर एक खाट, एक ट्रंक, एक फुटका आरसा, रेडिओ, आणि दाराजवळच्या खिळ्याला एक दावं. दाजींनी स्वतः वळलेलं, आणि अक्काने त्याला लाल लोकरीचा गोंडा बांधलेला. त्यांच्या स्वतःच्या शेवटच्या बैलाचं होतं ते. अक्काच्या आजारपणात तो विकावा लागला. जनावर विकताना दावं द्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. घेणारा स्वतःचं दावं घेऊन येतो, जुनं विकणाऱ्याकडेच राहतं. अंगणातून जनावर जातं, दावं तेवढं घरात उरतं. बायको एकदा त्या दाव्यावर कपडे वाळत घालायला निघाली, तेव्हा दाजी पहिल्यांदा आणि शेवटचं तिच्यावर ओरडले.

मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने मोठा फ्लॅट बघितला, "आता तुम्ही दोघं इकडेच या" म्हणाला, आणि मंचरचं घर विकायचं ठरलं. फ्लॅटमध्ये एक खोली मुलगा-सुनेची, एक नातीची, एक आमची. खोल्या तिथेच संपत होत्या. दाजींचा विषय निघाला की मुलगा फोनवर म्हणायचा, "दाजींचं बघू." बायको म्हणायची, "दाजींचं बघू काहीतरी." मीही तेच म्हणायचो. बघत कोणीच नव्हतं.

घर विकायचंय हे दाजींना सांगायला मी गच्चीवर गेलो. ऐकलं आणि हा माणूस खाटेवरून उठून उभा राहिला. डोळे चमकले. "घर बाजाराला काढायचं? मग महिनाभर आदी माझ्या हातात द्या. लोकं बैलाला उगंच बाजाराच्या दिशी धुत्यात. धुतलेला बैल वळखू येतो. तयारी महिनाभर आदी करायची असती." आपण कुठे जाणार, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून मीही सांगितलं नाही. जिना उतरताना मला चक्क हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाचीच आज जास्त लाज वाटते.

मुलाचं म्हणणं होतं की एखाद्या कंत्राटदाराला बोलवा. छताला पीओपी करा, स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसवा. दाजी म्हणाले, "बैलाला सोन्याची शिंगं बशिवली, तर घेणारा म्हनतो शिंगं तुमची तुमाला ऱ्हाऊ द्या, बैलाचं बोला." नाकापेक्षा मोती जड नको, हे मलाही पटत होतं. मग दाजींनी आपल्या पद्धतीने, म्हणजे बैल सजवावा तसं घर सजवायला घेतलं. पहिली पायरी. "घेनाऱ्याची नजर पयली पायावं पडती," म्हणत त्यांनी दारापुढच्या शहाबादी पायऱ्या काथ्याने घासघासून अशा काढल्या की त्यांचा मूळ रंग आम्हाला पहिल्यांदाच दिसला. शिंगं तासावीत तशी खिडक्यांचे गज पॉलिश पेपरने घासले आणि काळा रंग दिला. सागवानी दाराला जवसाचं तेल पाजलं. पाजलं हा शब्द त्यांचाच. टपकणाऱ्या नळांना वायसर घातले, काळवंडलेले स्विच बदलले, कधीच्या काळची बंद पडलेली डिश गच्चीवरून उतरवली. बाकी रंग फक्त पुढच्या खोलीला आणि गेटला. धोतराचा काचा मारून, डोक्याला पंचा गुंडाळून, या वयात ते गेटपुढे रस्त्यात बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "पावण्यांचं घर बाजाराला काढलंय. लई गुणाचं हाय." शेजारीपाजारी मला विचारायचे, "काय राव, म्हाताऱ्याला किती मजुरी देता?" मी मान खाली घालून स्कूटर काढायचो.

वासाचं तर विचारूच नका. महिनाभर घरात बोंबील शिजला नाही. कोणी बघायला येणार असलं की बायकोने गवती चहा घालून चहाचं आधण ठेवायचं, येणाऱ्याला उंबऱ्यातच वास आला पाहिजे. चूल बंद असलेल्या घराला कोणी घर म्हणत नाही, म्हणे. आणि सगळ्यात अवघड अट म्हणजे भांडायचं नाही. "काल मार खाल्लेल्या बैलाला आज हात लावला, की त्याचं कातडं थरारतं. घेनाऱ्याला बराबर कळतं. घरात महिनाभर वरचा सूर नको." आता भांडणाशिवाय आम्हा नवराबायकोंचा महिना जायचा कसा? शेवटी आम्ही स्कूटरवर बसून लोणीच्या रस्त्याला जायचो, कुठेतरी बाभळीखाली स्कूटर लावायचो, आणि तिथे मनसोक्त भांडून घरी यायचो.

भांडण दाजींवरूनच असायचं. बायको म्हणायची, "तुम्ही त्यांना स्पष्ट सांगा. घर रंगवतायत बिचारे, त्यांना वाटतंय आपणही पुण्याला जायचं." मी म्हणायचो, "तूच सांग, तुला कुठे त्यांचं कौतुक आहे?" ती म्हणायची, "माझ्या दातांचं काढलं म्हणून काय मी त्यांना रस्त्यावर काढू?" परत येताना बाजारातून दाजींसाठी तंबाखूची पुडी घ्यायची आणि शहाण्यासारखं घरात शिरायचं. दाजी पुडी घेऊन पायांकडे बघत म्हणायचे, "लोनीची माती दिसती चपलांना. बरं केलं, बाहेर जाऊन आलात." म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. आम्हीच घरापुरते शहाणे.

ओलीवरून मात्र मोठाच तमाशा झाला. जिन्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल यायची आणि एक पिवळट डाग राहायचा. मुलगा म्हणाला, रंग मारून टाका. दाजी म्हणाले, डागाला हात लावायचा नाही. एका बाजाराच्या दिवशी दाजी सवयीने बेल्ह्याला गेले, आणि मी पेंटरला बोलावून डाग झाकून घेतला. संध्याकाळी आल्या आल्या त्यांनी जिन्यात नाक वर केलं, भिंतीवरून तळहात फिरवला, खिशातून चावी काढली आणि खरवडायला सुरुवात केली. पेंटर अजून डबे धूत होता. त्याच्यासमोर मी म्हणालो, "अहो दाजी, झाकली मूठ सव्वा लाखाची." ते न थांबता म्हणाले, "मुठीचं मला ठावं न्हाई. पन खोड झाकून इकलेलं जनावर घेनाऱ्याच्या दावनीला लाथ मारतं, आन शिव्या बसत्यात इकनाऱ्याच्या बापाला. मी उभ्या जन्मात खोड सांगितल्याबिगर माल दिला न्हाई." डाग पुन्हा उघडा झाला, पहिल्यापेक्षा मोठा. पेंटरने सगळ्या मंचरभर सांगितलं.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. पहिले आले ते पुण्याचे एक गृहस्थ, बोटांत अंगठ्या, अत्तराचा वास. दाजींनी त्यांना डाग दाखवला, शेजारच्या पाण्याच्या मोटारीचा आवाज ऐकवला, आणि ते "बरं, किंमत काय म्हणता?" म्हणाले मात्र, दाजींनी खांद्यावरचा पंचा काढला, त्यांचा हात धरला, वरून पंचा टाकला आणि आत बोटं दाबायला लागले. बैलबाजारात भाव असाच होतो, रुमालाखाली. तोंडाने आकडा बोलायचा नाही. त्या गृहस्थांना हे कुठून माहीत असणार? ते आधी हसले, मग घाबरले, मग हात हिसकून घेतला, आणि बाहेर काढल्याबरोबर आधी अंगठ्या आहेत का ते बघितलं. गेले ते परत आले नाहीत. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, कोणी येणार असलं की दाजींना बाहेर पाठवत जा. आणि जाहिरातीला फोटो काढाल ना, त्यात त्यांना येऊ देऊ नका." मी फोटो काढले. दाजी कुठे दिसणार नाहीत अशा बेताने, प्रत्येक वेळी त्यांना "जरा बाजूला व्हा" म्हणत काढले. ते बाजूला होत होते.

त्यानंतर कोणी यायचं असलं की मी त्यांना पानं आणायला, पेपर आणायला, नाहीतर एसटी स्टँडवर कोणाला तरी निरोप द्यायला पाठवायचो. निरोप घ्यायला तिथे कोणीच नसायचं. ते जायचे. एका दुपारी असंच एक कुटुंब बघायला आलं. सगळं बघून झालं, आणि त्यातल्या बाप्याने जिन्याकडे बोट करून विचारलं, "वर काय आहे?"

"वर काही नाही," मी म्हणालो. "जुनं सामान आहे. घर दिलं की काढून टाकू."

ते गेल्यावर मी जिन्यापाशी आलो, तर वरच्या पायरीवर दाजींच्या चपला होत्या. पानं घेऊन ते केव्हाच आले होते आणि अंगणातून गच्चीवर जाणाऱ्या बाहेरच्या जिन्याने वर गेले होते. गच्चीचं दार उघडं होतं. माझा आवाज तसा मोठाच आहे.

रात्री ते जेवायला खाली आले. नेहमीसारखे बसले, नेहमीसारखी ठेच्याला नावं ठेवली, भाकरी कुस्करून खाल्ली. मी ताटातून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वरून झाडूचा आवाज आला. महिनाभर सगळं घर घासून काढणाऱ्या त्या माणसाने आपल्या खोलीला तोवर हात लावला नव्हता. त्या दिवशी त्यांनी खोली झाडली, धुतली, ट्रंक पुसून दाराशी आणून ठेवली. बायको खाली ओट्याशी उभी राहून ऐकत होती. मला म्हणाली, "जा ना वर." मी गेलो नाही. कचेरीतून निवृत्त होऊनही मी असे विषय पुढच्या तारखेला टाकायचं सोडलं नव्हतं.

मग ते जोडपं आलं. दोघंही नोकरी करणारी, जुन्नरकडची, साधी माणसं. बाईंनी प्रत्येक खिडकी उघडून वारा बघितला. त्या दिवशी दाजींना कुठे पाठवायची मला हिंमत झाली नव्हती. ते आपणहून वरच राहिले होते. चहा झाला, किमतीचं बोलणं जवळपास जुळलं, आणि तेवढ्यात जिन्यावरून दाजी खाली आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, खांद्यावर पंचा. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत, उंबऱ्याजवळ जमिनीवर बसले.

"राम राम," ते म्हणाले. "मी ह्या घराचा दलाल. खोड सांगितल्याबिगर माल देत न्हाई, तवा ऐकून घ्या. जिन्याच्या भितीला पावसाळ्यात ओल येती. शेजारची मोटार पहाटं वराडती. सैपाकघर दुपारचं तापतं."

"हे काकांनी सांगितलं आम्हाला," बाई म्हणाल्या. दाजींच्या भीतीने खरंच मी सांगितलं होतं.

"एक सांगितली नसंल. वरच्या खोलीत एक म्हातारं जनावर हाय. दात गेल्यात, कामाचं ऱ्हायलं न्हाई. खातं थोडं, मारकं न्हाई. पन खोड ती खोडच. तुमी म्हनाल, वर जुनं सामान हाय म्हनले आन हे काय निगालं. तर घराबरूबर ते देत न्हाईत. खोली मोकळी करून मिळंल. काळजी करू नगा."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "काका, हे तुमचे कोण?"

माझे दाजी, एवढंच म्हणायचं होतं. चार अक्षरी उत्तर. पण 'वर जुनं सामान आहे' म्हणणारं तोंड तेच होतं, ते उघडेना. दाजीच हसून म्हणाले, "ह्ये माझं पावणं. लई चांगली मानसं हायेत."

"जाहिरातीतल्या फोटोत गच्चीवर पंचा वाळत होता," बाई म्हणाल्या. "तेव्हाच मला वाटलं, वर कोणीतरी राहतं." मग खुर्चीवरून उठून त्या दाजींच्या समोर जमिनीवर बसल्या. "आजोबा, मग तुम्ही कुठे जाणार?"

महिनाभर आमच्या घरात जो प्रश्न कोणी विचारला नव्हता, तो घर घ्यायला आलेल्या परक्या बाईने विचारला. मी, माझी बायको, माझा मुलगा, तिघंही त्या घरची माणसं. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण दारात दाजी बसले होते.

"मला काय?" दाजी म्हणाले. "निमगाव सावाला पुतन्या हाय. त्याच्या गोठ्याला लागून एक खोली हाय. मीच निरोप धाडलाय त्याला. आन बेल्ह्याचा बाजार हायेच की. तितं म्हाताऱ्याला कुनी हाकलीत न्हाई." एवढं बोलून त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि त्या तरुणाचा हात मागितला. त्याला काही कळलं नाही, पण त्याने हात दिला आणि पंचाखाली राहू दिला. दाजींनी बोटं दाबली, मान हलवली आणि म्हणाले, "झाला सौदा." खरा सौदा आधीच झाला होता. पण ते दोघं तो न मोडता गेले ते दाजींमुळे, हे मला माहीत आहे. जो माणूस स्वतःला खोड म्हणून सांगतो, त्याच्या घरात आणखी काय लपलेलं असणार, असं त्यांना वाटलं असेल.

आम्ही घर सोडण्याआधीच पुतण्या पिकअप घेऊन आला. खाट, ट्रंक, रेडिओ, फुटका आरसासुद्धा गाडीत गेला. बायकोने शिदोरी बांधून दिली आणि मोठ्याने रडली; निदान ती रडली. मी गेटपाशी उभा राहून म्हणालो, "दाजी, थोडे दिवस. पुण्यात बस्तान बसलं की बघू." ते म्हणाले, "बगा की." त्यांनीच रंगवलेल्या गेटवर हात ठेवून ते माझ्याकडे वळले. नजर पायांवर गेली, गुडघ्यांपर्यंत आली, आणि तिथेच थांबली. या वेळी ती वर तोंडापर्यंत चढली नाही. मला वाटतं, ती त्यांची माझ्यावरची शेवटची माया होती. गाडी गेल्यावर बायको म्हणाली, वर जाऊन बघून या, काही राहिलंय का. मी म्हणालो, काय राहणार आहे? घर सोडेपर्यंतच्या दिवसांत मी गच्चीचा जिना एकदाही चढलो नाही.

पुण्यात आमची खोली छान आहे. दाजींना फोन करावा असं रोज वाटतं, आणि पुतण्याचा नंबर काढून मी तो रोज परत ठेवून देतो. परवा त्या बाईंचा फोन आला. घर लावून झालं म्हणाल्या, पायऱ्यांचं सगळे कौतुक करतात म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काका, वरच्या खोलीत दाराजवळ खिळ्याला एक दावं आहे, लाल गोंड्याचं. आजोबा विसरले वाटतं. यांना निमगावला पाठवून पोचतं करू का?"

दाजी काही विसरणारा माणूस नव्हता. फुटका आरसा नेणारा माणूस अक्काच्या हातचा गोंडा असलेलं दावं विसरत नाही. ते त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं, घर अजून माझं होतं तेव्हा, मी वर जाईन आणि मला दिसेल अशा बेताने. ते बोलले काहीच नव्हते, फक्त रीत पाळली होती. माझे कान तापले. फोनवर बाई वाट बघत होत्या.

"त्यांना पोचवू नका," मी म्हणालो. "दावं विकणाऱ्याकडे राहतं. ते माझं आहे. मी येऊन घेऊन जातो."